एक नाव, दोन नगरे

ठाणे जिल्ह्यात मानपाडा या नावाच्या दोन वस्त्या आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगरपायथ्याशी. दुसरी डोंबिवलीच्या पूर्वेस. पहिलीचा कारभार १९८२ साली स्थापन झालेली ठाणे महानगरपालिका पाहते, तर दुसरीचा १९८३ साली स्थापन झालेली कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका.

आता कल्पना करा, एक कुटुंब या मानपाड्यातून त्या मानपाड्यात राहावयास निघाले आहे. सामानासोबत टोपलीत त्यांची मनी आहे. माणसे तीच, मांजर तेच; मग नियम बदलतील काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी कायद्याच्या पायऱ्या पाहू. सर्वांत वरची पायरी देशाची. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा उभय गावी सारखाच लागू आहे. प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सबळ कारणावाचून सोडून देणे, हा त्या कायद्याने अपराध ठरतो. घर बदलताना मांजर पोत्यात घालून दूर बाजारात सोडण्याची जुनी रीत म्हणूनच निंद्य होय.

दुसरी पायरी राज्याची. ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि पुणे यांना १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू आहे. मुलुंडच्या वेशीपलीकडील मुंबईस मात्र १८८८ चा स्वतंत्र अधिनियम. १९४९ च्या अधिनियमातील करांच्या यादीत कुत्र्यांवरील कराचा स्पष्ट उल्लेख आढळतो. मांजराचा तसा नाही.

तिसरी पायरी नगराची; आणि भेद पडतो तो येथेच. अधिनियम एकच असला, तरी त्याखाली प्रत्येक नगर आपल्या गरजेप्रमाणे नियम करू शकते. पुणे महानगरपालिकेने २०२२ साली पाळीव मांजरांची नोंदणी आवश्यक ठरविली. तीमागील हेतू समजून घेण्याजोगा आहे. अलर्क, म्हणजे रेबीज, हा प्राणघातक रोग मांजराच्या चाव्यानेही होऊ शकतो. नोंदणीच्या निमित्ताने लस टोचली जाते आणि शेजाऱ्यांची मुलेही सुरक्षित राहतात.

शेवटची पायरी सहकारी गृहनिर्माण संस्थेची. कधी कधी तेथे सांगण्यात येते, "येथे मांजर चालणार नाही." परंतु केवळ बहुमताच्या बळावर पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. अर्थात, जिना स्वच्छ ठेवणे आणि शेजाऱ्यांस उपद्रव होऊ न देणे हे मालकाचे कर्तव्य आहेच.

तेव्हा त्या कुटुंबाने काय करावे? मनीस लस टोचून दाखला जपून ठेवावा आणि नव्या गावच्या प्रभाग कार्यालयात नियमाची चौकशी करावी. कोणी नियमाचा धाक घातला, तर तो कोणी केला व कोठे लिहिला आहे, हे नम्रपणे विचारावे. असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. ते सुजाण नागरिकाचे लक्षण आहे. टोपलीतील मुक्या जिवाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. ती त्याच्यासाठी आपणच मांडावयाची असते.

शब्दार्थ : उभय – दोन्ही, निंद्य – निंदा करण्याजोगे, उपद्रव – त्रास.

प्रश्न :
१. दोन्ही मानपाड्यांना समान असलेले कायदे कोणते?
२. मांजराच्या नोंदणीचा शेजाऱ्यांना कोणता लाभ होतो?
३. तुमच्या गावचा याविषयीचा नियम विचारून घ्या व पाच ओळी लिहा.