जागा आधी, रायफल नंतर

ऑगस्ट उजाडला की पेन्सिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गच्या आसपासच्या मराठी घरांतून मला फोन यायला लागतात. कोणी तिशीतला सॉफ्टवेअरवाला असतो, कोणी नुकतंच ग्रीन कार्ड मिळालेलं जोडपं. ऑफिसातले सहकारी थँक्सगिव्हिंगनंतर हरणाच्या शिकारीला जातात, आपणही जावं असं वाटू लागलेलं असतं आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, रायफल कुठली घेऊ?" मी म्हणते, रायफल राहू दे. आधी जंगलात पायी हिंडून ये, तेही फेब्रुवारी-मार्चमध्ये. आणि त्याच्याही आधी गोचिडीबद्दल सांगते ते नीट ऐक. ते मी पुस्तकात वाचून सांगत नाही, माझ्या गुडघ्यानं भोगून सांगते.

भारतात वाढलेल्या माणसाला 'शिकार' हा शब्द बोचतो आणि तो बोचलाच पाहिजे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आपल्याकडे आहे म्हणून जे उरलं ते उरलं. पेन्सिल्व्हेनियाची गोष्ट वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे पांढऱ्या शेपटीची हरणं जवळजवळ संपली होती. मग बाहेरच्या राज्यांतून आणून सोडली, जपली. लांडगे आणि प्यूमा मात्र परत आले नाहीत. हरणं इतकी वाढली की जंगलाच्या तळातलं कोवळं रान, ओकची रोपं, सगळं ती खाऊन टाकू लागली. गॅरी आल्ट नावाच्या जीवशास्त्रज्ञानं २००० च्या सुमारास गावोगाव सभा घेऊन लोकांना सांगितलं की माद्याही मारल्या पाहिजेत आणि कोवळ्या शिंगांचे नर सोडले पाहिजेत. शिकारी त्याच्यावर चिडले, पण २००२ मध्ये नराच्या शिंगांना किती टोकं हवीत याचा नियम आला आणि तो टिकला. माझ्या मते तो माणूस बरोबर होता. ज्यांना शिकार पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण तळ उजाड झालेलं ओकचं जंगल त्यांनी एकदा पाहावं, एवढी विनंती जरूर करते.

आता कायद्याचं. हे आपल्या लोकांना सांगायला इथला कुणी शेजारी येणार नाही, कारण त्याला ते माहीत असण्याचं कारणच नाही. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसानं बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा संघराज्याच्या कायद्यानं गुन्हा आहे. याला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्यानं दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. म्हणजे क्रम असा: आधी हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा अभ्यासक्रम, मग परवाना, आणि मगच बंदुकीला हात. मित्राच्या घरी 'जरा धरून बघ' म्हणून पुढे केलेली रायफलसुद्धा त्याआधी हातात घेऊ नका. परवान्याची मुदत संपली तर संरक्षणही संपतं. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अट नाही. तरीही व्हिसावर असाल तर इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचाराच. त्याची फी ही शिकारीच्या खर्चातली पहिली रक्कम समजा. धनुष्यबाण आणि क्रॉसबो संघराज्याच्या कायद्यात बंदुकीत मोडत नाहीत. म्हणून व्हिसावरची बरीच मुलं धनुष्यापासून सुरुवात करतात, आणि ते मला शहाणपणाचं वाटतं. जवळ जावं लागतं, त्यामुळे जंगल शिकावंच लागतं.

आणि जंगल शिकायचं तर जागा हवी. पेन्सिल्व्हेनियात त्याची ददात नाही. राज्याच्या वन्यजीव खात्याच्या, म्हणजे गेम कमिशनच्या 'स्टेट गेम लँड्स' राज्यभर पसरलेल्या आहेत, सगळ्या मिळून सुमारे पंधरा लाख एकर. राज्याची राखीव जंगलं आणखी बावीस लाख एकरांच्या घरात. मी शिकले ते हॅरिसबर्गच्या ईशान्येला असलेल्या स्टोनी व्हॅलीत, म्हणजे गेम लँड क्रमांक २११ मध्ये. दोन लांबच लांब डोंगरांमधली ही दरी. कोळशाच्या जुन्या रेल्वेमार्गावर आता खडीचा रस्ता आहे, फाटकं लावून गाड्यांना बंद केलेला. रॉश गॅपला कोळसा खाणकामगारांचं गाव होतं, त्याची जोती आणि थोड्या कबरी तेवढ्या उरल्यात. मी मूळची जुन्नरची, नाणेघाट-हरिश्चंद्रगडाच्या वाटांवर वाढलेली. पण इथल्या डोंगराकडे हरणाच्या नजरेनं बघायला मला आमच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी शिकवलं.

ते आधी घरी नकाशा उघडायला लावत. समोच्च रेषा वाचता येत असतील तर निम्मी पाहणी टेबलावर होते. उभ्या उतारावर मध्येच जिथे रेषा विरळ होतात तो डोंगराचा पदर. हरणं चढ-उतार टाळून त्या पदरावरून आडवी चालतात. धारेला जिथे खिंड पडते तिथून ती डोंगर ओलांडतात. जिथे काही वर्षांपूर्वी झाडं तोडली आणि आता दाट कोवळं रान माजलंय ती त्यांची खाण्याची आणि दडण्याचीही जागा. पदर, खिंड आणि असं रान एकमेकांच्या जवळ आली की तिथे पेन्सिलीनं गोल करायचा. असे चार-पाच गोल झाले की बूट घालायचे.

फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिलची सुरुवात, पालवी फुटायच्या आत, हा काळ सोन्याचा. हंगाम संपलेला असतो, त्यामुळे हरणं बिथरली तरी नोव्हेंबरपर्यंत विसरतात. पान नसल्यामुळे गेल्या शरदातलं सगळं उघडं दिसतं: नरांनी शिंगं घासून साल काढलेली खोडं, खुरांनी पाचोळा उकरून मोकळी केलेली माती, पिढ्यान्पिढ्यांच्या चालीनं पडलेल्या वाटा, दक्षिणेच्या उन्हात पाचोळ्यावर बसून पडलेले लांबट खळगे. शिंगं घासलेली खोडं एका रांगेत दिसली तर खोडाच्या कुठल्या बाजूची साल गेली ते पाहा. नर कुठून कुठे चालला होता ते त्यावरून कळतं. गळून पडलेली शिंगं याच दिवसांत सापडतात, आणि शिंग सापडलं म्हणजे तो नर हंगामातून जिवंत बाहेर पडला.

ओक ओळखायला शिका, नुसतं 'ओकचं झाड' म्हणून भागत नाही. पांढऱ्या ओकची फळं त्याच वर्षी पिकतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतात, आणि गोड म्हणून हरणं ती आधी संपवतात. लाल ओकच्या फळाला पिकायला दोन वर्षं लागतात. ती कडू, पण हिवाळ्यात टिकून राहतात. म्हणून धनुष्याच्या हंगामात जी जागा गजबजलेली असते ती थँक्सगिव्हिंगनंतर ओस पडलेली असू शकते. नवशिके ऑक्टोबरात पाहिलेल्या जागेवर डिसेंबरात बसतात आणि 'या जंगलात हरणंच नाहीत' म्हणत परत येतात. हरणं असतात, ताट बदललेलं असतं.

आता गोचीड. ज्या वाटेवर हरणांच्या खुणा दाट, तिथे काळ्या पायांची गोचीडही दाट, कारण तिची मोठी मादी हरणाच्याच अंगावर पोसते. मे महिन्यात मी एका पदरावरून अशीच खुणा बघत हिंडून आले. घरी येऊन अंग पाहिलं, काही दिसलं नाही. दिसणारही नव्हतं: त्या दिवसांतली पिल्लावस्थेतली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि गुडघ्यामागे, कंबरपट्ट्याखाली, केसांत बसते. काही दिवसांनी ताप, अंगदुखी, मानेला ताठा. डॉक्टरांनी व्हायरल म्हणून सोडून दिलं. अंगावर लाल चकंदळ नव्हतं ना. ऑगस्टमध्ये उजवा गुडघा असा सुजला की जिना उतरता येईना. तेव्हा रक्त तपासलं, गोचिडीच्या चाव्यानं होणारा लाइम रोग निघाला, आणि महिनाभर डॉक्सिसायक्लिन घ्यावी लागली. गुडघा बरा झाला, पण ते वर्ष जंगलाविना गेलं.

म्हणून कळकळीनं सांगते. चकंदळ सगळ्यांना उठत नाही. पहिल्या काही आठवड्यांत रक्ताची तपासणी चुकीची 'नाही' सांगू शकते, कारण शरीरानं अजून प्रतिपिंडं बनवलेली नसतात. डॉक्टर विचारतील याची वाट न पाहता आपण होऊन सांगा की मी जंगलात हिंडते, हरणांच्या वाटांवर हिंडते, आणि ते कागदावर लिहून घ्यायला लावा. कपड्यांना आणि बुटांना ०.५ टक्के परमेथ्रिनचा फवारा मारून पूर्ण वाळवा. तो कातडीवर मारायचा नाही, आणि घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून लांब, तिला ते विषारी आहे. विजार मोज्यात खोचा. परत आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर, आणि दोन तासांच्या आत अंघोळ. गोचीड चिकटलेली सापडलीच तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी हे गावाकडचे उपाय इथे करू नका. साधारणपणे लाइमचा जंतू अंगात उतरायला गोचीड दिवसभराहून जास्त वेळ चिकटून राहावी लागते, म्हणून रोजची तपासणी फुकट जात नाही. थंडी पडली की गोचीड नाहीशी होते हाही समज सोडा. मोठ्या गोचिडी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा बाहेर पडतात, नेमक्या हंगामात.

सार्वजनिक जमिनीवर दुसरी पाहणी माणसांची करावी लागते. गाड्या कुठे लावतात, झाडांवर जुने स्टँड कुठे आहेत, वाट कुठपर्यंत मळलेली आहे, हे टिपा. बहुतेक लोक फाटकापासून फार आत जात नाहीत. हंगामाच्या पहिल्या शनिवारी ते आले की हरणं कुठे सरकतील, तिथे आपण आधीच असावं. पण जितकं आत जाल तितकं मारलेलं जनावर ओढत बाहेर आणायचं असतं. भरल्या अंगाची मादीसुद्धा दोन डोंगरसोंडा ओलांडून एकट्यानं ओढून बघा म्हणजे कळेल. मी पहिल्या वर्षीच्या माणसाला खाली उतरत आणता येईल अशीच जागा निवडायला लावते.

हद्द पाहणीच्या वेळीच पायी तपासा. झाडावर जांभळा पट्टा म्हणजे खासगी जमीन, आत पाऊल नाही; २०२० पासून कायद्यानं त्या रंगाला पाटीइतकंच वजन आहे. राहत्या घरापासून दीडशे यार्डांच्या आत, घरमालकाची परवानगी नसेल तर, रायफल चालवता येत नाही. धनुष्याला ही मर्यादा पन्नास यार्ड. रायफलीच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच भडक नारिंगी कपडा हवा. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, माणसाला दिसतो. झाडावर चढणार असाल तर जमिनीवर असतानाच अंगभर पट्टा बांधा.

वारा मात्र कुठला नकाशा दाखवणार नाही. ऊन चढलं की हवा उतारावरून वर जाते, संध्याकाळी गार होऊन खाली ओघळते, आणि आपला वास तिच्याबरोबर. म्हणून सकाळी हरणांच्या वरच्या अंगाला आणि संध्याकाळी खालच्या अंगाला बसा. एकाच जागेवर रोज बसू नका, दोनदा वास लागला की ती वाट हरणं सोडतात.

'डीमॅप'ची यादीही पाहून ठेवा. जिथे हरणांनी जंगलाचं नुकसान चालवलंय तिथे मादी मारण्याचे जादा परवाने त्या विशिष्ट तुकड्यापुरते मिळतात, नकाशासकट. नवशिक्यासाठी याहून प्रामाणिक सूचना दुसरी नाही.

शेवटचं, मांसाचं. हरणांमध्ये 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' हा मेंदूचा रोग आहे. पेन्सिल्व्हेनियात तो २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला. माणसाला झाल्याचं आढळलेलं नाही, तरी बाधित जनावराचं मांस खाऊ नये असं आरोग्य खात्याचं स्पष्ट सांगणं आहे. रोगाच्या क्षेत्राची हद्द बदलत राहते, म्हणून दर हंगामाआधी गेम कमिशनचा ताजा नकाशा पाहा. त्या क्षेत्रातून डोकं आणि पाठीचा कणा बाहेर नेता येत नाही. डोकं तपासणीसाठी ठेवलेल्या पेट्यांमध्ये टाका, तपासणी फुकट होते. जनावर जागेवरून हलवण्याआधी टॅग भरा, दहा दिवसांच्या आत नोंद करा. मांस पुड्यांत बांधून त्यावर टॅगचा क्रमांक आणि तारीख घाला, अहवाल येईपर्यंत फ्रीझरच्या एका वेगळ्या कप्प्यात ठेवा, आणि तोवर कुणालाही वाटू नका.