तू काय पाहतेस, हे कुणाकुणाला कळतं?

लखनौला गाणं शिकायला आलेल्या पोरीचा निम्मा वेळ कैसरबागेतल्या वर्गात जातो आणि निम्मा यूट्यूबवर, हे मला कुणी सांगायला नको. भातखंडेंनी १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज उभं केलं, तेव्हा एकेका बंदिशीसाठी उस्तादांची मनधरणी करावी लागे. त्याच संस्थेचं आता विद्यापीठ झालंय, आणि तुम्ही पोरी एका दुपारी एकाच रागाचे पाच-सहा गवई ऐकून मोकळ्या होता. ऐका गं, खुशाल ऐका. मला बोलायचंय ते त्या दुपारची नोंद कुठे कुठे होते याबद्दल.

तुझ्या फोनमधलं गूगल खातं अजून घरचंच आहे ना? बाबांनी टीव्हीवर लावलंय तेच? मग इथे हॉस्टेलवर रात्री तू पीसीओडीवर एखाद्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकलंस, की उद्या त्याच धाटणीचे व्हिडिओ तिकडे बैठकीतल्या टीव्हीवर हजर होऊ शकतात, पाहुण्यांसमोर. यात कुणाचा दुष्टपणा नाही. एक खातं म्हणजे एक माणूस, एवढंच यंत्र धरून चालतं. आपल्याकडे एका खात्यावर आजीचं कीर्तन, बाबांच्या बातम्या आणि तुझा मारवा असं सगळं नांदतं, हे त्याला कसं कळावं?

म्हणून पहिलं काम फुकटातलं. स्वतःचं वेगळं खातं काढ आणि त्यातला पाहिल्याचा इतिहास बंद कर. २०२३ च्या ऑगस्टपासून असं केलं की यूट्यूबचं पहिलं पान जवळजवळ कोरं दिसतं, शिफारशी नाहीत. लोक त्यावर चिडले होते. मला मात्र ते कोरं पान फार आवडतं. भूप शोधायला गेलेली मुलगी भूपच ऐकून परत येते.

तरी कंपनीला तुझा इंटरनेट पत्ता, तुझं यंत्र, कुकीज हे दिसतंच. "दिसू दे, मी कुठे काही वाईट बघते?" असं म्हणशील. १९८७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बोर्क नावाच्या न्यायाधीशांचं नाव सुप्रीम कोर्टासाठी चर्चेत होतं. एका पत्रकाराने त्यांच्या व्हिडिओ दुकानातून त्यांनी भाड्याने नेलेल्या कॅसेटींची यादी मिळवली आणि छापली. यादीत आक्षेपार्ह असं काही नव्हतं, साधे सिनेमे होते. तरी खासदार हादरले आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला: कोण कोणती कॅसेट नेतं, हे दुकानदाराने उघड करायचं नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तेव्हा लपवण्यासारखं काही असलं तरच पडदा लावावा, हे मला पटत नाही.

आता तू विचारलेले दुसरे दरवाजे. व्हिडिओ यूट्यूबचेच, पण ते दाखवणारं ॲप किंवा वेबसाइट तिसऱ्याची. नावं बरीच आहेत आणि मुली नाव ऐकून निवडतात, तिथेच गडबड होते. समज, अमीनाबादहून एखादं औषध तू शेजारच्या मुलाकडून मागवलंस. दुकानदाराला तू कळली नाहीस, पण त्या मुलाला कळलीस. इन्व्हिडियस आणि पाइप्ड हे त्या मुलासारखे. कुणीतरी चालवलेल्या सर्व्हरवरून तू व्हिडिओ मागतेस. सर्व्हर मधे उभा राहून व्हिडिओही स्वतःमार्फत देत असेल, तर यूट्यूबला त्याचा पत्ता दिसतो, तुझा नाही. पण तू काय पाहिलंस ते सर्व्हर चालवणाऱ्याला कळू शकतं. न्यूपाइप आणि फ्रीट्यूब यांचं उलट आहे. ते साधारणपणे तुझ्याच यंत्रातून थेट गूगलकडे जातात, म्हणजे इंटरनेट पत्ता दिसतो. पण खातं नाही, जाहिराती नाहीत, आणि आवडीनिवडीची यादी तुझ्या यंत्रातच राहते. तुला कुणापासून जपायचंय ते आधी ठरव, मग नाव निवड.

माझं मत विचारशील तर फोनवर न्यूपाइप. ते प्ले स्टोअरमध्ये मिळत नाही; एफ-ड्रॉइड नावाचं मुक्त ॲपचं भांडार आहे, तिथून घ्यायचं. फोन "अनोळखी ठिकाणाहून ॲप येतंय" म्हणून घाबरवेल. तेवढी परवानगी एफ-ड्रॉइडपुरती दे, सरसकट नको. पडदा बंद करूनही आवाज चालू राहतो, त्यामुळे बसमध्ये ख्याल ऐकता येतो. आणि खास तुझ्यासाठी सांगते, त्यात लय आणि पट्टी वेगवेगळी बदलता येते. बुवांचं गाणं काळी एकमध्ये असेल आणि तुझा षड्ज काळी पाचला असेल, तर अर्ध्या अर्ध्या सुराने चढवत ने आणि त्याच्याबरोबर गा. आवाज थोडा चिरका होतो, पण रियाजाला चालतं. तान कळत नसली तर पट्टी न हलवता वेग कमी कर. मी म्हणेन, खासगीपणा गेला खड्ड्यात, एवढ्यासाठी तरी ते ठेव!

त्याची खोड अशी की यूट्यूबने आतून काही बदललं की एखाद्या सकाळी काहीच लागत नाही. मग सुधारित आवृत्ती येईपर्यंत थांबायचं. एफ-ड्रॉइडमध्ये न्यूपाइपचं स्वतःचं भांडार जोडलंस तर ती लवकर मिळते.

लॅपटॉपवर फ्रीट्यूब. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, वर्गणी केलेले चॅनेल लॅपटॉपमध्येच ठेवतं.

इन्व्हिडियसवर मात्र फार विसंबू नकोस. २०२३ च्या जूनमध्ये यूट्यूबने त्यांना सात दिवसांत बंद करा अशी नोटीस दिली. आम्ही तुमचा एपीआय, म्हणजे बाहेरच्या ॲपसाठीचा अधिकृत मार्ग, वापरतच नाही, त्याच्या अटी आम्हाला लागू नाहीत, असं म्हणून ते मागे हटले नाहीत. पण २०२४ पासून यूट्यूब अशा सर्व्हरचे पत्तेच अडवू लागलं आणि सार्वजनिक सर्व्हर एकेक करून आटले. जे उरलेत ते बहुतेक परदेशात, तिथून फिरून लखनौला यायचं म्हणजे आलाप मधेच अडकतो. कधीमधी एखादा नाजूक विषय बघायला ठीक.

एक मात्र अजिबात करायचं नाही. मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर पाठवलेली "प्रीमियम फुकट" म्हणणारी ॲपची एपीके फाइल टाकायची नाही. व्हॅन्स्ड नावाचं गाजलेलं ॲप २०२२ च्या मार्चमध्ये बंद पडलं, तरी त्या नावाच्या नकला फिरतच राहिल्या. ॲप कुठून आलं ते सांगता येत नसेल आणि ते गूगलचा पासवर्ड मागत असेल, तर उघडूसुद्धा नकोस. तुझा इंटरनेट पत्ता झाकणाऱ्या व्हीपीएनचंही तसंच. २०२२ मध्ये सरकारने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांचे तपशील पाच वर्षं जपायचा आदेश काढला, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. फुकटच्या व्हीपीएनला आपली नोंद सोपवण्यापेक्षा नसलेलं बरं.

आणि जवळचे डोळे विसरू नकोस. न्यूपाइपसुद्धा पाहिल्याचा आणि शोधल्याचा इतिहास फोनमध्ये ठेवतं. रूममेट गाणं लावायला फोन मागते, तेव्हा तिला तो दिसणार. सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही बंद कर. गूगलपासून जपलं आणि शेजारच्या पलंगावर उघडं पडलं, तर काय उपयोग?

एक बोच मलाही आहे. हे दरवाजे यूट्यूबच्या अटींत बसत नाहीत, आणि जाहिरात न दिसल्याने कलावंताला तुझ्या ऐकण्याचे पैसे मिळत नाहीत. बड्या कंपनीचं मला फारसं वाईट वाटत नाही. पण एखादे बुवा स्वतःच्या चॅनेलवर बंदिशी शिकवत असतील तर त्यांची ऑनलाइन शिकवणी घे, तिकीट काढून मैफलीला जा, नाहीतर त्यांचे व्हिडिओ सरळ यूट्यूबवरच बघ. मी तेच करते. यमनच्या बंदिशीवरून माझी ओळख कुणाला पटायची ती पटू दे.

वर्गण्यांची यादी हाताने उतरवत बसू नकोस. गूगल टेकआउट या आपली माहिती उतरवून देणाऱ्या सोयीतून फक्त यूट्यूबच्या वर्गण्या निवडून फाइल उतरवून घे, ती न्यूपाइपमध्ये आयात होते. रविवारी जेवायला ये, दोन्ही यंत्रं लावून देते. लॅपटॉपचा चार्जर आण, माझा तुझ्या लॅपटॉपला बसत नाही.