आकाशातून पिकांची राखण

पूर्वी ज्वारी-बाजरीच्या कणसांत दाणा भरू लागला, की शेतकरी शेताच्या मध्यभागी उंच माळा उभारीत असे. माळ्यावर उभे राहिले म्हणजे सारे शेत नजरेच्या टप्प्यात येई. पाखरांचा थवा उतरताना दिसला, की राखणदार गोफण फिरवून त्याला हाकून लावी. शत्रू डोळ्यांना दिसत होता, म्हणून राखण सोपी होती.

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुका द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील बागाइतदाराला मात्र असे उघड शत्रू थोडे आणि छुपे शत्रू फार. एप्रिल महिन्यात खरडछाटणी करून तो वेलींना नव्या काड्या आणतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून घडांची वाट पाहतो. कोवळी फूट वाढत असतानाच कधी आभाळ भरून येते, कधी अवकाळी पाऊस पडतो, आणि मग ‘केवडा’ नावाचा बुरशीरोग बागेत शिरतो. शेतकरी त्यालाच डाउनी म्हणतात. पानाच्या वरच्या बाजूस तेलकट, पिवळसर डाग दिसतात. पान उलटून पाहावे, तर खाली पांढरी बुरशी वाढलेली असते. भुरी, करपा, फुलकिडे, तुडतुडे आणि पिठ्या ढेकूण हेही बागेचे शत्रूच होत. रोगाची सुरुवात बहुधा एखाद्या कोपऱ्यात होते. ती वेळीच लक्षात आली नाही, तर वर्षभराचे कष्ट पाण्यात जातात.

केवडा रोगावरील पहिल्या गुणकारी औषधाची कथा मनोरंजक आहे. हा रोग मूळचा अमेरिकेतला. तो १८७८ च्या सुमारास फ्रान्समध्ये पोचला आणि तेथील बागा उजाड होऊ लागल्या. १८८२ साली मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला बोर्डो शहराजवळ एक नवल दिसले. रस्त्याच्या कडेच्या वेली तेवढ्या हिरव्यागार होत्या. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून बागवानांनी त्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण शिंपडले होते! मिलार्देने प्रयोग करून १८८५ साली ते औषध जगापुढे ठेवले. तेच ‘बोर्डो मिश्रण’ आजही द्राक्षबागांत वापरले जाते.

औषध सापडले, तरी ते पिकावर टाकायचे कसे, हा प्रश्न उरलाच. पाठीवर पंप बांधून शेतमजूर ओळीओळीने फिरू लागला. औषधाचे तुषार त्याच्या अंगावर उडत, श्वासावाटे छातीत जात. या कामातील धोका किती भयंकर आहे, हे २०१७ साली महाराष्ट्राला कळून चुकले. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. पिकाची राखण करताना माणसाचाच बळी जावा, यासारखे दुर्दैव दुसरे कोणते?

माणूस दूर राहील आणि औषध पिकावर पडेल, अशी युक्ती शोधण्याचे प्रयत्न जुनेच आहेत. ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात एका विमानातून झाडांवर कीटकनाशक भुकटी टाकण्यात आली. जपानमध्ये भातखाचरांवर फवारणी करण्यासाठी यामाहा कंपनीने १९८७ साली वैमानिकाविना उडणारे छोटे हेलिकॉप्टर तयार केले. आजचा ड्रोन हा त्याच घराण्यातला. ‘ड्रोन’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ नर मधमाशी असा आहे. हे यंत्रही तसेच गुंजारव करीत उडते.

शेतीच्या कामात ड्रोन दोन प्रकारे उपयोगी पडतो. त्याचे पहिले काम पाहण्याचे. त्याच्या पोटाशी बसवलेला विशेष कॅमेरा माणसाच्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपतो. निरोगी पानातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते, तर पानातील पेशींची रचना अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत पाठवते. पान आजारी पडले म्हणजे हा हिशेब बिघडतो. समजा, एका निरोगी वेलीवरून शंभरापैकी ५० भाग अवरक्त आणि १० भाग तांबडा प्रकाश परत आला. या दोन संख्यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागले, की सुमारे ०.६७ हा अंक मिळतो. दुसऱ्या वेलीवरून ४० आणि २० भाग आले, तर अंक ०.३३ एवढाच येतो. असे अंक मांडून संगणक बागेचा रंगीत नकाशा काढतो. अंक कोठे घसरला आहे, हे त्या नकाशावर पाहताक्षणी कळते.

तथापि, वेल अशक्त आहे एवढेच हा नकाशा सांगतो. ती का अशक्त आहे, हे तो खात्रीने सांगू शकत नाही. पाणी कमी पडले असेल, खत कमी पडले असेल किंवा रोग जडला असेल. यंत्राने जागा दाखवावी, शेतकऱ्याने तेथे जाऊन पान उलटून पाहावे आणि मगच उपाय ठरवावा, हाच शहाणपणाचा मार्ग होय. ताप आल्याचे तापमापक सांगतो. तो कशामुळे आला, हे मात्र वैद्यालाच पाहावे लागते.

ड्रोनचे दुसरे काम फवारणीचे. सुमारे दहा लिटर मिश्रण घेऊन तो ठरवलेल्या वाटेने उडतो आणि एक एकर शेत काही मिनिटांत फवारून पुरे करतो. पाठीवरच्या पंपाने त्याच कामाला कितीतरी अधिक वेळ आणि अनेक पटींनी अधिक पाणी लागते. चिखल असो वा उभे दाट पीक असो, ड्रोनची वाट अडत नाही.

एवढ्यावरून ड्रोन म्हणजे सर्व रोगांवरचा रामबाण उपाय, असे कोणी समजू नये. द्राक्षाची वेल मांडवावर पसरलेली असते. वरून पडणारे तुषार पानांच्या वरच्या बाजूवर बसतात, केवड्याची बुरशी तर खालच्या बाजूस असते. म्हणून दाट बागेत ट्रॅक्टरवर चालणारा फवारणी-ब्लोअर अद्यापि महत्त्वाचा आहे. शिवाय ड्रोनमधील औषध कमी पाण्यात कालवलेले, म्हणून तीव्र असते. वारा सुटला असताना ते शेजारच्या शेतात, विहिरीत किंवा मधमाश्यांच्या पोळ्यावर जाऊ शकते. यासाठी शासनाने नियम घालून दिले आहेत. २०२१ साली ड्रोनविषयीची नियमावली लागू झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात फवारणीची कार्यपद्धतीही ठरवून देण्यात आली. शेतीचे असे ड्रोन उडवण्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात, रीतसर शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. २०२३ साली केंद्र शासनाने पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन पुरवण्याची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली, त्यामुळे खेड्यातील स्त्रियांनाही हे नवे कौशल्य शिकण्याची वाट मोकळी झाली.

आणखी एक विचार मनात बाळगला पाहिजे. पेठ, सुरगाणा या डोंगराळ तालुक्यांतून कितीतरी मजूर दिंडोरीच्या बागांत कामाला येतात. यंत्राने त्यांच्या पाठीवरचा विषाचा पंप उतरवावा, हे इष्टच आहे. परंतु त्यांच्या हातची भाकर हिरावली जाऊ नये, याचीही काळजी समाजाने घेतली पाहिजे. नवे यंत्र चालवण्याचे शिक्षण त्यांच्या मुलामुलींना मिळाले, तर दोन्ही गोष्टी साधतील.

माळ्यावरच्या राखणदाराजवळ गोफण होती. पण गोफणीहून मोलाची होती ती त्याची जागरूक नजर. यंत्रे बदलतील, ती अधिक उंच आणि अधिक वेगाने उडतील. तरीही कोठे, केव्हा आणि किती औषध द्यावयाचे, आणि मुख्य म्हणजे केव्हा द्यावयाचे नाही, हा निर्णय माणसाचाच राहील. चांगल्या शेतकऱ्याची खरी ओळख त्या विवेकातच आहे.

स्वाध्याय

१. ‘शत्रू डोळ्यांना दिसत होता, म्हणून राखण सोपी होती,’ असे लेखकाने का म्हटले आहे?

२. मिलार्देला रस्त्याकडेच्या वेली हिरव्या का दिसल्या? या कथेवरून निरीक्षणाचे महत्त्व चार-पाच ओळींत लिहा.

३. कारणे द्या : (अ) ड्रोनने काढलेला नकाशा पाहूनही शेतकऱ्याने बागेत जाणे आवश्यक असते. (आ) वारा सुटला असताना ड्रोनने फवारणी करू नये.

४. एका वेलीवरून शंभरापैकी ४५ भाग अवरक्त व १५ भाग तांबडा प्रकाश परत आला. पाठातील रीतीने अंक काढा. पाठातील दोन वेलींपैकी कोणत्या वेलीच्या अंकापेक्षा तो कमी आहे?

५. वाक्यांत उपयोग करा : पाण्यात जाणे, प्राणास मुकणे, कळून चुकणे.

६. तुमच्या गावातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला भेटा. पूर्वी पिकांची राखण कशी करीत, हे विचारून दहा ओळींत लिहा.