घरगुती इंटरनेट आणि माहितीच्या पुडक्यांचे माप

मांद्रे येथील एखाद्या घरी साधे संदेश पोचतात. परंतु विद्यार्थ्याचा छायाचित्रासह अर्ज पाठविताना मात्र अडून राहतो. अशा वेळी दोष पुडक्यांच्या मापातही असू शकतो.

इंटरनेटवरील माहिती लहान पुडक्यांतून जाते. पुडक्याची नेहमीची कमाल मर्यादा १५०० बाइट असते. नाव व परवलीचा शब्द मागणारी ‘पीपीपीओई’ पद्धतीची जोडणी त्यांपैकी ८ बाइट घेते, उरतात १४९२. राउटरमध्ये माप १५०० ठेवल्यास मोठी पुडकी फोडावी लागतात किंवा वाटेतच गळतात. माप फार लहान ठेवणेही हिताचे नाही. कारण प्रत्येक पुडक्यावर पत्ता इत्यादींसाठी किमान ४० बाइट खर्च होतात.

अशा जोडणीत राउटरमधील ‘एमटीयू’चा आकडा १४९२ असल्याची खात्री करावी. त्यामुळे जोडणीचा मूळ वेग वाढत नाही. अडथळा तेवढा दूर होतो.