सरकारचा रुपया आणि गरिबाची ओंजळ

दारिद्र्यनिवारणासाठीं सरकारनें किती द्रव्य खर्चिलें, एवढ्यावरून त्या कार्याचें यश ठरत नाहीं. सरकारनें खर्चिलेल्या रुपयापैकीं अवघे 15 पैसे गरिबापर्यंत पोंचतात, अशी कबुली 1985 सालीं पंतप्रधान राजीव गांधी यांनींच दिली होती. मग उरलेले जातात कोठें? कांहीं कारभाराच्या खर्चांत, कांहीं मध्यस्थांच्या खिशांत, तर कांहीं ज्यांना गरज नाहीं अशांच्या घरीं.

यांवर एक मार्ग महाराष्ट्रानें शोधला. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेली रोजगार हमी योजना 1972 सालीं राज्यांत सुरू झाली. 1977 सालीं तिचा कायदा झाला व 1979 पासून तो अमलांत आला. तिच्या खर्चासाठीं नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर कर बसविण्यांत आला. माती उकरणें, खडी फोडणें, बांध घालणें असलीं कामें मागावयास सधन मनुष्य येत नाहीं. म्हणून गरजूंची निवड बहुधा आपोआप होई. शिवाय काम मिळणें ही कोणाची मेहेरबानी न राहतां मजुराचा हक्क ठरला. याच तत्त्वावर 2005 सालीं संसदेनें ग्रामीण कुटुंबांसाठीं वर्षाकांठीं 100 दिवसांच्या कामाचा कायदा केला.

तथापि कायदा झाला म्हणजे कार्य संपलें असें नव्हे. मजुरी लांबली तर मजुराला सावकाराचें दार गांठावें लागतें. हजेरीपट खोटा असला तर त्याच्या घामाचे पैसे दुसराच नेतो. आणि बांध कच्चा राहिला तर पुढच्या वर्षीं शेत पुन्हां कोरडेंच.

विद्यार्थिमित्रांनो, उद्यां तुमच्यांतील कोणी तलाठी होईल, कोणी इंजिनियर, कोणी तहसीलदार. तेव्हां एवढें ध्यानांत ठेवा: हजेरीपटावरील प्रत्येक आंकडा ही कोणाच्या तरी घरची भाकरी आहे.