आठवी-नववीच्या पोरांच्या हातात काय द्यायचं

शाळेच्या ग्रंथालयाच्या किल्ल्या तुझ्याकडे आल्यात, तर पहिलं काम म्हणजे ती काचेची कपाटं उघडी ठेव. कुलपातलं पुस्तक मागायचं म्हणजे कुणाला तरी त्याचं नाव सांगावं लागतं, आणि तेरा-चौदाव्या वर्षी आपल्याला काय हवंय हे मोठ्या माणसाला तोंडानं सांगणं फार अवघड जातं. त्यापेक्षा एक लांब टेबल मागून घे. त्यावर पंधरा-वीस पुस्तकं मुखपृष्ठ वर करून मांड आणि दर सोमवारी बदलत जा. वर्षाकाठी चार-सहा पुस्तकं हरवतील, त्याबद्दल मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेव. परत न आलेलं पुस्तक बहुतेक वेळा कुणीतरी मनापासून वाचलेलं असतं, हे त्यांनाही सांग.

आता मुलांविषयी. "तुला काय वाचायला आवडतं?" असं कधी विचारू नकोस. उत्तर येणार "काही नाही", आणि ते खरंही असतं, कारण आवडण्याजोगं त्यानं अजून काही वाचलेलंच नसतं. कुठला सिनेमा परत पाहावासा वाटला ते विचार. सुट्टीत कुठे जातोस, तिथे कुणाबरोबर असतोस, ते विचार. या दोन उत्तरांत तुला हवं ते सगळं मिळतं.

मला इतक्या वर्षांत जे समजलं ते असं, की साहसकथा मागणारं मूल आणि मोठं होण्याची गोष्ट मागणारं मूल ही वेगवेगळी मुलं नसतात. एकाच मुलाचे ते दोन मुक्काम असतात. आधी त्याला घराबाहेर पडायचं असतं. पुढे कधीतरी त्याच्या ध्यानात येतं की आपण बाहेर न पडताही घर बदलत चाललंय, आई-बाबा थकतायत, मित्र तुटतायत, आपला आवाज वेगळा येतोय. पहिल्या मुक्कामावरच्या मुलाला दुसऱ्याचं पुस्तक दिलंस तर ते कंटाळेल. उलट केलंस तर ते दुखावेल, कारण त्याला वाटेल आपल्याला अजून लहान समजतायत. सहावीतलं मूल दुसऱ्या मुक्कामाला पोचलेलं असू शकतं आणि दहावीतलं पहिल्यावरच असू शकतं. म्हणून इयत्तेप्रमाणे यादी लावू नकोस.

पहिल्या मुक्कामासाठी मराठीत भा. रा. भागवतांइतका भरवशाचा माणूस दुसरा नाही. फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, काश्मीरला जातो, प्रतापगडावर जातो, चक्रीवादळात सापडतो. वीस पुस्तकं आहेत, सगळी आटोपशीर. २०१७चा सिनेमा पाहून आलेली मुलं मोठा झालेला फेणे शोधतात. पुस्तकातला फेणे शाळकरी आहे, त्यांच्याच वयाचा, हे पुस्तक देतानाच सांगून टाक, म्हणजे हिरमोड होत नाही. फेणे अंगानं काडीपैलवान आहे, त्याचं सगळं बळ डोक्यात आणि चपळाईत आहे. वर्गात मागे बसणाऱ्या, खेळात कुणी आपल्या बाजूला न घेणाऱ्या मुलाला तो चटकन आपला वाटतो. त्या मुलाकडे तुझं लक्ष असू दे.

बाहेरच्या भाषेतलं एकच साहस ठेवायला जागा असेल, तर स्टीव्हन्सनचं 'ट्रेझर आयलंड' ठेव. १८८१च्या पावसाळी दिवसांत स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी त्यानं तेरा वर्षांच्या सावत्र मुलाबरोबर एका बेटाचा नकाशा काढला, आणि त्या नकाशातून ही गोष्ट निघाली. लिहून झालेली प्रकरणं तो घरच्यांना वाचून दाखवायचा. हे मुलांना सांग, आणि तूही तेच कर. तासाला मोठ्यानं वाच, पण सफरचंदाच्या पिंपापर्यंतच. जिम त्या पिंपात बसून चाच्यांचं कारस्थान ऐकतो, तिथे पुस्तक मिट आणि टेबलावर ठेवून दे. घंटेनंतर ते टेबलावर राहत नाही. फक्त आधी प्रत नीट बघून घे. मराठीत याची संक्षिप्त रूपं बरीच निघाली आहेत, आणि त्यातल्या कित्येकांत लाँग जॉन सिल्व्हर निव्वळ खलनायक होऊन बसतो. मूळ पुस्तकात जिमला तो आवडतो. तो खुनी आहे हे कळल्यावरही जिमला त्याची ओढ सुटत नाही. आवडणारा माणूस वाईटही असू शकतो, हा धक्का या वयात पुस्तकातून बसणं फार मोलाचं आहे. तो धक्काच कापून टाकलेली प्रत विकत घेऊ नकोस.

डोंगर चढणारी मुलं असतील तर गो. नी. दांडेकर. पण त्यातही क्रम आहे. राजमाची पाहून आलेल्यालाच 'माचीवरला बुधा' दे आणि रायगड पाहून आलेल्यालाच 'रानभुली'. आधी दिलंस तर मुलं वर्णनं गाळून पुढे पळतात. जाऊन आल्यावर दिलंस तर तीच वर्णनं सावकाश वाचतात, आपण पाहिलं ते लेखकानंही पाहिलं का हे तपासतात. आणि गोनीदा स्वतः सातवीत असताना स्वातंत्र्यलढ्यासाठी घर सोडून निघाले होते, हे एकदा बोलता बोलता सांगून टाक. त्यांची 'स्मरणगाथा' जाडजूड आहे, तरी इतकं ऐकल्यावर एखादा ती मागायला येतोच.

या दोन मुक्कामांच्या मधला पूल म्हणजे 'पाडस'. मार्जरी किनन रॉलिंग्जचं 'द यर्लिंग' १९३८ साली आलं, पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळालं, आणि राम पटवर्धनांनी ते मराठीत असं आणलं की फ्लॉरिडातलं झाडोऱ्याचं रान आपल्याला परकं वाटत नाही. सुरुवातीला ते शुद्ध साहसाचं पुस्तक आहे. म्हातारं, लबाड अस्वल, त्याच्या मागावर निघालेले पेनी आणि ज्योडी हे बाप-लेक, बापाला डसलेला साप. ज्योडी हरणाचं पिल्लू घरी आणतो तेही त्या सापामुळेच. विष ओढून घ्यायला बाप हरिणी मारतो आणि तिचं पाडस मागे राहतं. साहस शोधणारं मूल या बोटाला धरून आत जातं. मग पाडस मोठं होतं, शेतातलं कोवळं पीक खाऊ लागतं; त्या घराचं वर्षभराचं पोट त्या पिकावर असतं. पुढे काय होतं ते तुला माहीत आहे.

इथे माझं ऐक. ते पुस्तक देताना "शेवट वाईट आहे हं" असं सावध करू नकोस. आणि "शेवट फार सुंदर आहे" असंही म्हणू नकोस. मुलाला ज्योडीबरोबर जाऊ दे. फक्त आईला निरोप दे, की पोरगं एक-दोन दिवस गप्प राहिलं तर काय झालं म्हणून खोदू नका, जेवायला नको म्हणालं तर रागावू नका. पुस्तक परत आलं की नुसतं नोंदवून घे. बोलायचं असेल तर ते मूल दोन-चार दिवसांनी आपणहून टेबलापाशी रेंगाळेल. तेव्हा मात्र हातातलं काम बाजूला ठेव. त्या वेळी ते पहिल्यांदा बापाबद्दल बोलतं असा माझा अनुभव आहे. पेनी चुकला का, एवढंच विचार, आणि ऐकत राहा.

'पाडस' पचलं की दुसऱ्या मुक्कामाची दारं उघडतात. तिथे लंपन आहे. प्रकाश नारायण संतांची 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ही चारही पुस्तकं कथांची आहेत, पण ओळीनं वाचली की एका मुलाचं मोठं होणंच वाचल्यासारखं होतं. आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, बेळगावकडचं गाव, कानडी वळणाची मराठी. गावाकडे आजीपाशी राहिलेल्या, किंवा आई-वडिलांपासून लांब वसतिगृहात असलेल्या मुलाला हे पहिल्यांदा दे. भाषा सुरुवातीला अडते. एक कथा मोठ्यानं वाचलीस की कानाला सवय होते. अलीकडे त्यावर मालिकाही आली आहे. आधी ती पाहिली म्हणून काही बिघडत नाही. पडद्यावरून पुस्तकाकडे आलेलं मूलही वाचकच असतं.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' तू टेबलावर ठेवशील तेव्हा कुणी तरी पालक तक्रार घेऊन येईल. २००४ची कादंबरी, आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, मुकुंद जोशीला शिरोडकर आवडते. मुलं आपसात बोलतात तशीच त्यात बोलतात. पालकांना दटावू नकोस, पुस्तक त्यांच्याच हातात दे आणि वाचून परत करा म्हण. वाचणारे पालक बहुधा शांत होऊनच येतात, कारण त्यांनाही आपली नववी आठवलेली असते. न वाचता बंदी मागणाऱ्यांपुढे मात्र मागे सरू नकोस. नववीतल्या मुलाला कुणीतरी आवडत असतंच. त्याबद्दल त्याच्याशी प्रामाणिकपणे बोलणारं निदान एक तरी माणूस असावं, मग ते कादंबरीतलं का असेना.

माडगूळकरांची 'बनगरवाडी' ज्याला कमी पानांचं काही हवंय त्याला दे. तिथला पोरसवदा मास्तर मुलांना आपल्याहून थोडाच मोठा वाटतो. अरुण साधूंचं 'झिपऱ्या' शहरातल्या, विशेषतः लोकलनं येणाऱ्या मुलांना. स्टेशनवर बूटपॉलिश करणारी पोरं ते रोज पाहतात, पण त्यांच्यातल्या एकाचं आयुष्य आतून कधी पाहिलेलं नसतं.

आनंद यादवांची 'झोंबी' मात्र जपून ठेव. १९८७चं हे पुस्तक, कागलचं. बाप पोराला शाळेतून काढून मळ्यात जुंपतो आणि पोरगं शिकण्यासाठी त्या बापाशी, गरिबीशी झुंजतं. आठवीतल्या सुखवस्तू घरच्या मुलाला "बघ, लोकांनी किती कष्ट काढले" म्हणून हे देणारे पुष्कळ असतात. तसं कधी करू नकोस. दुसऱ्याचं दुःख दाखवून लाजवलेलं मूल त्या पुस्तकाचा रागच करतं. ज्याच्या घरी शिक्षण थांबवायची भाषा चालली आहे, जो सुट्टीत मजुरीला जातो, त्याला हळूच दे, चारचौघांत नको. तुझ्यासारखा होता म्हणून सांगू नकोस. त्याचं त्याला पहिल्या पन्नास पानांतच उमजतं. असंच गप्प राहून द्यायचं आणखी एक पुस्तक म्हणजे जी. एं.नी मराठीत आणलेलं कॉनरॅड रिक्टरचं 'रानातील प्रकाश'. लहानपणी पळवून नेलेला, अमेरिकेतल्या मूळच्या रहिवाशांनी पोटच्या पोरासारखा वाढवलेला गोरा मुलगा पंधराव्या वर्षी जबरदस्तीनं परत पाठवला जातो आणि मग दोन्हीकडचा राहत नाही. गाव सोडून शहरात आलेल्या मुलाला ते फार जवळचं वाटतं.

मुलींसाठी साहसाची पुस्तकं आपल्याकडे कमी आहेत, हे मला आजही बोचतं. शांताबाई शेळक्यांनी आणलेली 'चौघीजणी' ठेव, पण ती "मुलींचं पुस्तक" अशा कप्प्यात टाकू नकोस. मोठेपणी कोण व्हायचं याचा ध्यास घेतलेली ज्यो मुलांनाही आवडते, फक्त ते सगळ्यांसमोर न्यायला लाजतात. त्यांना जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घालून दे. आणि मुलींच्या हातात फेणे, जिम, ज्योडी बेधडक दे. मुलींना मुलाची गोष्ट वाचायला कधीच अडचण नसते.

इंग्रजी माध्यमाची मुलं देवनागरी सावकाश वाचतात. त्यावरून त्यांना नावं ठेवू नकोस. त्यांना रस्किन बाँडचं 'द रूम ऑन द रूफ' किंवा एस. ई. हिंटनचं 'द आउटसायडर्स' दे. बाँडनं ते सतराव्या वर्षी लिहिलं, हिंटननं तर पंधराव्या वर्षी लिहायला घेतलं. देताना लेखकाचं वय सांग. त्या एका वाक्यानं पुस्तक मुलांच्या नजरेत बदलून जातं. मराठीची गोडी लावायची तर 'किशोर'चे जुने अंक आहेत. बालभारती ते १९७१पासून काढते आहे. छोट्या मजकुरावर हात बसला की मुलं कादंबरीकडे वळतात.

काही गोष्टी मात्र कटाक्षानं टाळ. वाचलेल्या पुस्तकावर निबंध मागू नकोस. बोध काय घेतलास हे विचारू नकोस. जास्तीत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस लावू नकोस. मग मुलं पातळ पुस्तकं शोधतात. अर्धवट सोडलेलं पुस्तक परत आणलं तर का सोडलंस म्हणून विचारू नकोस, दुसरं दे. बारीक टायपाच्या, पिवळ्या पडलेल्या प्रती, मग त्या कितीही मौल्यवान असोत, टेबलावर ठेवू नकोस. नवी आवृत्ती मिळत असेल तर ती मागव. आणि एखाद्या मुलानं दुसऱ्याला एखादं पुस्तक सुचवलं, तर तुझी शिफारस मागे घे. मित्राच्या शब्दापुढे आपला शब्द चालत नाही, चालूही नये.

शेवटी मे महिन्याचं. सुट्टीत पुस्तकं घरी द्यायची नाहीत असा नियम बहुतेक शाळांत असतो. तो बदलून घे, लागलंच तर तुझ्या सहीवर. मुलांना दुपारभर घरात बसावं लागतं ते याच दिवसांत. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला तीन पुस्तकं नेऊ दे. एक त्याच्या आवडीचं, एक मित्रानं सांगितलेलं, एक तू निवडलेलं. जूनमध्ये परत आली की तिसऱ्या पुस्तकाची पानं बघ. कोपरे दुमडलेले असतील, आंब्याचा डाग असेल, तर ते पुस्तक त्या मुलाला लागू पडलं. तसं रजिस्टरात त्याच्या नावापुढे लिहून ठेव. कोरं परत आलं असेल तर तेही लिही, आणि त्याच्यासाठी दुसरं काढून ठेव.