जुन्या घराची दुरुस्ती : उंदरांच्या घाणीची सुरक्षित सफाई

रब्बीची मळणी आटोपली की पाऊस सुरू होईपर्यंतचे दिवस खेड्यात घरदुरुस्तीचे असतात. कौले उतरविणे, धाब्याची माती काढणे, माळा मोकळा करणे, कोठीच्या खोलीत फरशी बसविणे ही कामे याच काळात निघतात. सिमेंट, पत्रे, गवंड्याची मजुरी यांचा हिशेब बारकाईने केला जातो. परंतु माळ्यावर वर्षानुवर्षे साचलेल्या उंदरांच्या लेंड्या, मूत्र व घरटी यांचा विचार कोणी करीत नाही. कामाच्या दिवशी घरातील बाई नाकाला पदर लावून केरसुणी घेऊन माळ्यावर चढते आणि कोरडेच झाडू लागते. खरा धोका इथेच आहे. उंदरांची घाण आधी भिजवावी, मग काढावी. ती कोरडी कधीही झाडू नये.

रोग कसे पसरतात?

उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जिवाणू बाहेर पडतात. ओल असेल तर ते माती-पाण्यात काही आठवडे तग धरतात आणि हातापायांवरील जखमा, चिरा, तसेच डोळे, नाक व तोंड यांच्यावाटे शरीरात शिरतात. मुंबईत जुलै २००५ च्या महापुरानंतर या रोगाची मोठी साथ आली होती. कोकणातील भातशेतकऱ्यांना तर हा रोग परिचयाचा आहे. लेंड्यांतून साल्मोनेलासारखे जिवाणू अन्नात मिसळून जुलाब व ताप येतो. दम्याच्या रुग्णांना नुसत्या धुळीचाही त्रास होतो. अमेरिकेत १९९३ साली हंटा विषाणूची जी साथ आली ती उंदरांच्या वाळलेल्या मलमूत्राची धूळ श्वासावाटे गेल्याने. तेथील तो उंदीर आपल्याकडे नाही; परंतु धुळीबाबतचा धडा घेण्यासारखा आहे.

प्लेगचे मात्र आपल्या राज्याशी जुने नाते आहे. पूर्वी घरात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भीतीपोटी लोक घरांबाहेर राहिले, आत साठविलेल्या धान्यावर उंदीर वाढले, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. बंद घर आणि आत धान्य ही जोडी किती घातक आहे हे यावरून ध्यानात येईल. म्हणून बरेच दिवस बंद असलेले घर उघडताना अधिक काळजी घ्यावी. आत एकाच वेळी अनेक मेलेले उंदीर दिसले तर हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे.

कामापूर्वीची तयारी

काम सुरू होण्यापूर्वी आठवडाभर पिंजरे लावून उंदीर कमी करावेत. पकडलेले उंदीर शेजाऱ्याच्या शिवारात सोडण्याची काहींना सवय असते. ती बरी नव्हे. झिंक फॉस्फाइडचे आमिष राहत्या घरात वापरू नये. रक्त गोठू न देणारी आमिषे खाल्लेला उंदीर काही दिवसांनी भिंतीत वा छपरात मरतो आणि दुर्गंधी सुटते. शिवाय उंदीर मेला की त्याच्या अंगावरील पिसवा माणसाकडे वळतात. घरात पिसवा चावत असतील तर आरोग्य सेवकाच्या सल्ल्याने आधी पिसवांचा बंदोबस्त करावा, मग उंदरांचा.

लेंड्या कोणाच्या हेही पाहून घ्यावे. पालीच्या लेंडीला पांढरे टोक असते, उंदराच्या नसते. ताजी लेंडी काळी, मऊ व चकचकीत असते. जुनी करडी व ठिसूळ असते. ताज्या लेंड्या दिसल्या तर उंदीर अजून घरात आहेत असे समजावे.

सफाईच्या दिवशी दारे-खिडक्या उघडून अर्धा तास सर्वांनी बाहेर थांबावे. पंखा लावू नये. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात व आपण पाणी शिंपडणार असतो, म्हणून मेन स्विच बंद करावा. रबरी हातमोजे, गमबूट व अंगभर कपडे घालावेत. रुमालाने बारीक धूळ अडत नाही. करोनाच्या काळात सर्वांच्या परिचयाचा झालेला एन-९५ मास्क वापरावा. हात-पाय कापलेल्या व्यक्तीने, गरोदर स्त्रीने आणि मुलांनी या कामात पडू नये. आणखी एक गोष्ट : काम चालू असताना तंबाखू मळू नये. हातमोजे काढून, तंबाखू खाऊन पुन्हा कामाला लागणारे मजूर सर्वत्र दिसतात.

द्रावण व सफाई

प्लॅस्टिकच्या बादलीत १० लिटर पाण्यात १५० ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर कालवावी, गाळ बसू द्यावा व वरची निवळी वापरावी. पावडर उघडी राहिल्यास तिचा जोर कमी होतो, म्हणून बंद पाकिटातील घ्यावी व द्रावण त्याच दिवशी संपवावे. त्यात संडास साफ करण्याचे आम्ल किंवा अन्य रसायन मिसळू नये. विषारी वायू तयार होतो.

द्रावण झारीने हळूहळू टाकावे. फवारणीचा पंप वापरण्याचा मोह अनेकांना होतो, पण जोराच्या फवाऱ्याने धूळ उडते आणि पंपात तणनाशकाचा अंश असतो तो वेगळाच. लेंड्या व घरटी चांगली ओली झाली की निदान १० मिनिटे तशीच राहू द्यावीत. नंतर चिंध्यांनी किंवा पत्र्याच्या सुपलीने उचलून जाड प्लॅस्टिक पिशवीत भरावीत. मेलेला उंदीरही आधी भिजवून, पिशवी हातावर उलटी घालून उचलावा. पिशव्या विहीर व बोअरपासून दूर, ३ फूट खोल खड्ड्यात पुराव्यात. फरशी, लाकूड व पत्रा पुन्हा एकदा द्रावणाने पुसावा; लोखंड गंजते, म्हणून ते १० मिनिटांनी साध्या पाण्याने धुवावे.

मातीच्या जमिनीवर व भिंतीवर मात्र ब्लिचिंगचा जोर मातीतच मुरून जातो. तेथे पृष्ठभाग भिजवून वरचा इंचभर थर खरवडावा, काढून टाकावा व जागा उन्हात पूर्ण सुकू द्यावी. लेंड्यांवरून शेणाने सारवल्यास घाण झाकली जाते, नाहीशी होत नाही. धाब्याची पांढरी माती शेतात टाकण्याचा प्रघात आहे. ती काढतानाही पाणी शिंपडून काढावी, विहिरीपासून दूर पसरून उन्हात चांगली वाळू द्यावी व मग शेतात न्यावी. लेप्टोचे जिवाणू कोरड्या जागी टिकत नाहीत. त्यामुळे उन्हाळ्यात, कौले उतरलेली असताना ही सफाई करणे सर्वांत सोयीचे.

धान्य आणि जनावरे

लेंड्या पडलेले, मूत्राने वास येणारे धान्य धुऊन, वाळवून घरात वापरू नये आणि "जनावरांना तरी घालू" असेही करू नये. लेप्टोस्पायरोसिस गाई-म्हशींनाही होतो; त्यामुळे गाभण जनावरे गाभडतात व दूध घटते. सफाईचे पाणी गोठ्याकडे वाहणार नाही अशी चर काढावी. दोन पायल्या ज्वारी वाया गेल्याचे दुःख होते हे खरे, पण गाभडलेल्या म्हशीचे नुकसान त्याहून मोठे.

सफाईनंतर, गिलावा करण्यापूर्वीच बिळे व फटी बुजवाव्यात. करंगळीएवढ्या भोकातूनही पिटुकला उंदीर आत येतो. भोकात काचेचे तुकडे घालून सिमेंट भरावे, झरोक्यांना ६ मि.मी. छिद्राची लोखंडी जाळी बसवावी आणि दाराखाली पत्र्याची पट्टी मारावी.

शेवटी हातमोजे द्रावणात बुडवून काढावेत, हात साबणाने धुवावेत, कपडे वेगळे उकळावेत. त्यानंतर महिनाभरात घरातील किंवा कामावरील कोणास जोराचा ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास अंगावर काढू नये. डॉक्टरांना "उंदरांची घाण काढली होती" हे आवर्जून सांगावे. त्यावरून योग्य तपासणी लवकर होते. कावीळ दिसू लागल्यास किंवा लघवी कमी झाल्यास त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे.